पुराचे बदलते स्वरूप आणि नदी-नाल्यांतील जलजीवन : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नदी-नाल्यांतील जीवसृष्टी पुराशी जुळवून घेत विकसित झालेली आहे. पूर किती मोठा आला यापेक्षा तो केव्हा आला, किती वेगाने चढला, किती दिवस टिकला आणि कसा ओसरला, या गोष्टी जलचरांच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतात. मध्य भारतातील पर्जन्याचे बदललेले वितरण, धरणांमुळे नियंत्रित झालेला प्रवाह, पाणलोटातील भूवापर आणि नाल्यांचे सरसकट खोलीकरण यांमुळे वर्धा जिल्ह्यातील पुराची मूळ लय बिघडत आहे. त्याचबरोबर पुरात व टंचाईत जीवांना आसरा देणारे डोह, खळाळ आणि झाडोऱ्याचे काठही नाहीसे होत आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही बदलांचा अधिवासावर व जलजीवांवर होणारा परिणाम स्पष्ट करून काही उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : पूर, प्रवाहलय, अधिवास, डोह, गाळ, मत्स्यप्रजनन, खोलीकरण, वर्धा नदी.

१. प्रस्तावना

पुराचा विचार सामान्यतः हानीच्या अंगाने केला जातो. किती हेक्टरवरील पीक खरडून गेले, किती घरांत पाणी शिरले, किती जनावरे वाहून गेली, याची नोंद पंचनाम्यात होते. ती आवश्यकच आहे. वर्धा नदीच्या वरच्या अंगास, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांतील अनेक गावांना पुराचा वेढा पडला. अशा आठवणी असलेल्या प्रदेशात पूर म्हणजे आपत्ती हे समीकरण रूढ होणे स्वाभाविक आहे.

तथापि पंचनाम्याच्या तक्त्यात पाण्यातच राहणाऱ्या जीवांचा रकाना नसतो. पुरानंतर नाल्यातील झिंगे कोठे गेले, डोह गाळाने भरला की धुऊन निघाला, माशांची अंडी तरली की उघड्यावर वाळली, हे कोणी नोंदवीत नाही. या जीवांसाठी पूर ही केवळ आपत्ती नव्हे. अनेकांच्या प्रजननाची सुरुवातच पुराने होते. त्यामुळे ‘पूर चांगला की वाईट’ असा प्रश्न न विचारता ‘कोणता पूर, केव्हा आणि कशा पात्रात’ असा प्रश्न विचारणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) जलजीवनाच्या दृष्टीने पुराचे महत्त्व व त्याचे घटक स्पष्ट करणे.
२) वर्धा जिल्ह्यातील पुराच्या स्वरूपात बदल घडविणाऱ्या कारणांचा परामर्श घेणे.
३) या बदलांचे अधिवासावर व निरनिराळ्या जीवगटांवर होणारे परिणाम समजावून सांगणे.
४) स्थानिक पातळीवर शक्य असलेले उपाय सुचविणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून तो प्रकाशित संशोधन व जिल्ह्याविषयीची उपलब्ध माहिती यांवर आधारलेला आहे.

३. अभ्यासक्षेत्र : वर्धा जिल्ह्याची नदीप्रणाली

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौ. कि.मी. असून त्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), हिंगणघाट व समुद्रपूर हे आठ तालुके आहेत. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई परिसरात उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत आग्नेयेकडे वाहते. तिच्या पलीकडे अमरावती व यवतमाळ हे जिल्हे आहेत. पुढे वैनगंगेशी संगम होऊन प्राणहिता बनते आणि ते पाणी गोदावरीस मिळते. जिल्ह्याच्या अंतर्भागात वेणा, बोर, धाम, यशोदा, पंचधारा, पोथरा, नांद, कार इत्यादी लहानमोठ्या नद्या आहेत. यशोदा थेट वर्धा नदीस मिळते, तर पूर्वेकडील बहुतेक पाणी वेणेमार्फत वर्धेस जाऊन मिळते.

भूरचनेच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. आर्वी, आष्टी, कारंजा व सेलू तालुक्यांचा उत्तर भाग डोंगराळ असून येथील नाले तीव्र उताराचे, दगडगोट्यांचे आहेत. दक्षिणेकडे हिंगणघाट, समुद्रपूर व देवळी भागात काळ्या मातीची सखल मैदाने असून नद्या संथ व वळणावळणाच्या आहेत. संपूर्ण प्रदेश बेसाल्ट खडकावर वसलेला असून वार्षिक पर्जन्यापैकी बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथील बहुसंख्य नाले हंगामी आहेत. पावसाळा संपल्यावर प्रवाह हळूहळू क्षीण होतो आणि उन्हाळ्यात पात्रात केवळ सुटे सुटे डोह उरतात. जलचरांचे वर्षचक्र या पूर आणि टंचाईच्या आळीपाळीशी बांधलेले आहे.

४. पुराचे पाच घटक

१९८९ साली युंक, बेली व स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी अ‍ॅमेझॉन व मिसिसिपी या नद्यांच्या अनुभवावरून ‘पूरस्पंद’ ही संकल्पना मांडली. नदी दरवर्षी काठाबाहेर पसरते व परत पात्रात येते, ही क्रिया हृदयाच्या ठोक्यासारखी असून तिच्यामुळेच पूरमैदानातील अन्नद्रव्ये नदीला व नदीतील जीव पूरमैदानाला मिळतात, असे या संकल्पनेचे सार आहे. पुढे १९९७ मध्ये पॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या नैसर्गिक प्रवाहलयीचे पाच घटक सांगितले. ते असे :

१) परिमाण : प्रवाहात किती पाणी आहे.
२) वारंवारता : त्या परिमाणाचा प्रवाह किती वेळा येतो.
३) कालावधी : तो किती तास अथवा दिवस टिकतो.
४) समय : वर्षातील कोणत्या काळात येतो.
५) बदलाचा वेग : पाणी किती झपाट्याने चढते व उतरते.

प्रशासकीय नोंदींत यांपैकी पहिल्याच घटकाकडे लक्ष असते. पूररेषा आखतानाही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, असा परिमाणाचाच विचार होतो. जीवांसाठी मात्र उरलेले चार घटकही तितकेच महत्त्वाचे असतात. जुलैच्या आरंभी येऊन चार दिवस काठावर रेंगाळणारा मध्यम पूर माशांच्या एका पिढीला जन्म देऊ शकतो. तितकेच पाणी एका रात्रीत येऊन सकाळी ओसरले, तर तीच पिढी नष्ट होऊ शकते.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. डोंगराळ भागातील लहान नाल्यांना पूर्वीपासूनच अल्पकाळाचे, झटपट ओसरणारे लोंढे येतात आणि तेथील जीव त्याला सरावलेले आहेत. मैदानी भागातील वर्धा व वेणा या नद्यांचा पूर तुलनेने सावकाश चढणारा व अधिक काळ टिकणारा असतो. आज चिंतेची बाब अशी की, डोंगरी नाल्याचा आडदांडपणा आता मैदानी नद्यांतही दिसू लागण्याची कारणे निर्माण झाली आहेत.

५. पुराच्या स्वरूपातील बदलाची कारणे

५.१ पर्जन्याचे बदललेले वितरण

बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या दैनंदिन पर्जन्याचे विश्लेषण केले. या अभ्यासाच्या सीमांमध्ये वर्धा जिल्ह्याचा प्रदेश येतो. हंगामाच्या एकूण पर्जन्यात लक्षणीय बदल झालेला नसला, तरी अतिवृष्टीच्या घटना वाढल्या व मध्यम पावसाच्या घटना घटल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्पधारण क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिक तत्त्व या बदलामागे कार्यरत आहे.

सरासरी तीच राहून वितरण बदलणे ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु पावसाची झड आठवडाभर लागणे आणि तेवढाच पाऊस एका रात्रीत कोसळून पुढे पंधरा दिवस उघाड पडणे, यांत नाल्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या स्थितीत पाणी मुरते व प्रवाह टिकतो. दुसऱ्या स्थितीत लोंढा येऊन जातो आणि पावसाळ्यातच नाला तुटक होतो.

५.२ धरणांमुळे बदललेला प्रवाह

सेलू तालुक्यात हिंगणीजवळील बोर, आर्वी तालुक्यात महाकाळी येथील धाम, त्याच तालुक्यात धनोडी येथील निम्न वर्धा आणि वर्धा नदीवरच वरच्या अंगास मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा, अशी धरणे जिल्ह्याच्या नद्यांवर परिणाम करतात. वेणेच्या पाणलोटात नागपूर जिल्ह्यातील वडगाव व नांद ही धरणे आहेत. सिंचन व पिण्याचे पाणी यांसाठी त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे.

धरण मोठा पूर पूर्णपणे थोपवू शकत नाही. परंतु लहान पूर मात्र ते पोटात घेते. उन्हाळ्यानंतर जलाशय रिकामा असतो. त्यामुळे जून-जुलैमधील सुरुवातीचे लहान व मध्यम पूर जलाशय भरण्यातच खर्ची पडतात आणि धरणाखालची नदी कोरडीच राहते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जलाशय भरत आला व वर अतिवृष्टी झाली की, ऊर्ध्व वर्धेचे तेरा आणि निम्न वर्धेचे एकतीस दरवाजे कमी-अधिक प्रमाणात उघडावे लागतात व पाणी अल्पावधीत चढते. दरवाजे बंद होताच ते तितक्याच झपाट्याने उतरते. शेजारच्या वैनगंगेच्या खोऱ्यात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतील विसर्गामुळे आलेल्या महापुराने अशा विसर्गाची तीव्रता दाखवून दिली. अशा रीतीने उपयुक्त लहान पूर कमी होतात, विध्वंसक मोठा पूर शिल्लक राहतो, शिवाय त्याचा समय व बदलाचा वेग हे दोन्ही घटक पालटतात.

५.३ पाणलोटातील भूवापर आणि नाल्यांचे रूपांतर

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी या भेगांत जिरते. परंतु माती फुगून भेगा मिटल्यावर पाणी मुरण्याचा वेग फार कमी होतो व ते पृष्ठभागावरून वाहू लागते. पेरणीच्या काळात कपाशी, सोयाबीन व तुरीची शेते उघडी असतात. नेमक्या त्याच वेळी जोरदार पाऊस झाल्यास पाण्याबरोबर बारीक मातीही नाल्यात उतरते. धुरे काढून शेते मोठी करणे, नाल्याच्या काठापर्यंत नांगर नेणे व काठावरील झाडे तोडणे यांमुळे ही माती अडविणारा शेवटचा पट्टाही राहत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात व इतर योजनांत राज्यभर नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण झाले; २०२३ मध्ये या अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. गाळाने बुजलेल्या नाल्यातील गाळ काढणे आणि विहिरींची पातळी वाढविणे हा हेतू योग्य आहे. परंतु जेथे यंत्राने नाला सरळ, समान खोलीचा व उभ्या काठांचा केला जातो, तेथे तो नाला न राहता चर बनतो. वळणे व खडबडीत तळ पाण्याचा वेग कमी करतात. ती नाहीशी झाल्यावर वरच्या गावचे पाणी खालच्या गावी अधिक लवकर पोहोचते. वरच्या शिवारातील संकट टळते आणि खालच्या शिवारातील वाढते.

५.४ रेतीचा उपसा

रेतीघाटांतून प्रमाणाबाहेर रेती उपसली गेल्यास पात्र खोल जाते, काठ कोसळतात आणि पुराच्या पाण्याला मुरण्यासाठी लागणारा रेतीचा थर राहत नाही. रेतीच्या पोटात साठलेले पाणीच हिवाळ्या-उन्हाळ्यात डोहांना पुरवठा करीत असते.

६. अधिवासावरील परिणाम

६.१ तळ

नैसर्गिक नाल्यात उथळ, दगडगोट्यांवरून खळखळणारा भाग व त्यापुढे खोल, संथ डोह अशी आळीपाळीने रचना असते. खळाळात पाण्यात प्राणवायू मिसळतो, तर डोहात जीवांना आसरा मिळतो. पाण्याच्या वाहून नेण्याच्या शक्तीविषयी एक परिचित नियम असा आहे की, प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास तो हलवू शकणाऱ्या दगडाचे कमाल वजन सुमारे चौसष्ट पट होते. म्हणून वेगात झालेली थोडी वाढही तळाची उलथापालथ करण्यास पुरेशी ठरते. ज्या दगडांच्या आधाराने जीव पूर काढतात, तेच दगड गडगडू लागतात.

याउलट पूर ओसरताना वेग मंदावला की बारीक गाळ खाली बसतो आणि गोट्यांमधील फटी बुजवितो. या फटी म्हणजे सूक्ष्म जीवांची घरे, माशांच्या अंड्यांचे पाळणे व तळातील पाण्याचे श्वासमार्ग होत. मध्यम पूर दरवर्षी या फटी धुऊन काढतो. तो येणेच थांबले, तर गाळाचा थर वर्षानुवर्षे घट्ट होत जातो.

६.२ डोह

हंगामी नद्यांच्या प्रदेशात डोह ही जलजीवनाची बँक होय. विदर्भात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. २० अंश तापमानाच्या एक लीटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. खोल व झाडांच्या सावलीतील डोह थंड राहतो; गाळाने उथळ झालेला, उघड्यावरचा डोह तापतो व आटतो. पावसाळ्याच्या सुरुवातीस संपूर्ण नाल्यात जीवांची पुनर्वसाहत या डोहांतूनच होते. त्यामुळे एक डोह बुजणे म्हणजे अनेक किलोमीटर पात्राचे बीजच नष्ट होणे होय.

६.३ काठ आणि पूरमैदान

उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन यांसारख्या झाडांची मुळे काठ धरून ठेवतात. पुराच्या वेळी मुळांच्या जाळीत व काठाच्या कपारीत पाण्याचा वेग कमी असतो. लहान मासे, बेडूक व झिंगे तेथे आश्रय घेतात. झाडांचा पालापाचोळा हे लहान नाल्यांतील अन्नसाखळीचे मूळ अन्न आहे. काठ उभे तासून मुरूम उघडा पडला की आश्रय व अन्न दोन्ही जातात आणि त्या जागी बेशरम व रानगवत माजते. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील नाले या दृष्टीने तुलनेसाठी उपयुक्त आहेत. वृक्षाच्छादित पाणलोटात पावसाचे पाणी सावकाश उतरते व सोबत माती कमी आणते, ही गोष्ट तेथे प्रत्यक्ष अभ्यासता येते.

७. जलजीवांवरील परिणाम

७.१ कीटक व इतर सूक्ष्म जीव

मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुर, टाचणी इत्यादी कीटकांच्या अवस्था पाण्यात वाढतात. ही पिल्ले माशांचे प्रमुख अन्न आहेत. मोठ्या लोंढ्यात ती मोठ्या प्रमाणावर वाहून जातात. तथापि तळाखालच्या ओलसर थरात किंवा मुळांत लपलेली शिल्लक राहतात व त्यांतून संख्या पूर्ववत होते. उडणाऱ्या प्रौढ अवस्थेमुळे शेजारच्या नाल्यातूनही पुनर्वसाहत होऊ शकते. म्हणजे एखाद्या पुराने ही सृष्टी संपत नाही. मात्र पाठोपाठ लोंढे येत राहिले आणि लपण्याच्या फटी गाळाने बुजल्या, तर स्वच्छ पाण्याच्या प्रजाती मागे पडतात व चिखलात तग धरणाऱ्या रक्तवर्णी अळ्या आणि कृमी यांचे प्राबल्य वाढते. माशांना अन्न मिळते, पण त्यातील विविधता संपते.

७.२ शिंपले

गोड्या पाण्यातील शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. त्यांच्या जीवनक्रमात एक विशेष गोष्ट आहे. त्यांची सूक्ष्म पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना अथवा परांना चिकटून राहतात व मासा जेथे जाईल तेथे पोहोचतात. पुराच्या पाण्यात मासे वर चढले, तरच शिंपल्यांचा प्रसार वरच्या पात्रात होतो. माशांचा मार्ग बंधाऱ्याने अडला तर शिंपल्यांचाही अडतो. शिंपला स्वतः पळू शकत नसल्याने तळ उलटणे, गाळाखाली गाडले जाणे किंवा रेतीबरोबर उपसले जाणे यांचा फटका त्यास सर्वाधिक बसतो.

७.३ मासे

रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे पावसाळ्यात पाणी वाढल्यावर, गढूळ व वाहते पाणी उथळ काठांवर पसरले असता अंडी घालतात. अनुकूल तापमानात ही अंडी एका दिवसाच्या आत उबतात. परंतु पिल्लांना पोहण्याचे बळ येण्यास व स्वतः अन्न घेण्यास आणखी काही दिवस लागतात. या काळात पाणी काठावर टिकणे अत्यावश्यक असते. पूर काही तासांतच ओसरल्यास अंडी व पिल्ले शेतातील खळग्यांत अडकून मरतात. जून-जुलैचा पूर धरणात अडल्यास परिपक्व माद्यांना प्रजननाचा संकेतच मिळत नाही.

पहिल्या पाण्यावर नाल्यांतून वर चढणारे मासे ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाचे आहेत. ही चढण म्हणजे अंडी घालण्यासाठीचा प्रवास होय. बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढल्या नाहीत, किंवा खोलीकरणानंतर नाल्याच्या तोंडाशी उभी पायरी तयार झाली, तर हा प्रवास तेथेच संपतो. अडलेले मासे जाळ्यात सहज सापडतात; त्यामुळे त्या वर्षीची मासेमारी चांगली वाटते, पण पुढील वर्षीचे बीज त्याबरोबर जाते.

सर्व माशांवर परिणाम सारखा होत नाही. मरळ व मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे आटत्या डोहातही ते तग धरतात. मरळ उथळ, गवताळ पाण्यात घरटे करून पिल्लांची राखण करतो. काठाचे गवत व उथळ पाणी टिकले, तर तो टिकतो. तिलापिया हा परका मासा पिल्ले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा प्रजनन करतो व त्यास पुराची गरज नसते. पुराची लय बिघडलेल्या, संथ व गढूळ पाण्यात त्याचेच फावते. म्हणून नदीतील एकूण मासळीचे वजन कायम राहूनही तिच्यातील देशी प्रजाती कमी झालेल्या असू शकतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

७.४ बेडूक आणि पक्षी

बेडूक पहिल्या मोठ्या पावसानंतर तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतात. डिंभांचे बेडकात रूपांतर होण्यास काही आठवडे लागतात. पहिल्या मुसळधार पावसानंतर दीर्घ उघाड पडल्यास डबकी आटतात. उलट दुसरा लोंढा लगेच आल्यास डिंभ वाहून जातात. नदी सुरय व काही जातींच्या चिखल्या उन्हाळ्यात नदीतील रेतीच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतात. अवेळी पाऊस किंवा उन्हाळ्यातील विसर्ग यामुळे पाणी हातभर जरी वाढले तरी घरटी बुडतात. रेतीचे बेटच उपसले गेले, तर तेथे घरटे करण्याचा प्रश्नच उरत नाही.

८. मानवी जीवनाशी संबंध

हा विषय केवळ प्राणिशास्त्राचा नाही. ढिवर व भोई समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका नदीच्या मासळीवर अवलंबून राहिली आहे. जलाशयांत मत्स्यबीज सोडता येते व सहकारी संस्थांना ठेका मिळतो. वाहत्या नदीत मात्र बीज निसर्गच सोडतो. नदीतील नैसर्गिक प्रजनन थांबल्यास ज्यांच्याकडे जलाशयाचा ठेका नाही, त्या मासेमाराचे नुकसान सर्वांत आधी होते आणि त्याचा पंचनामा होत नाही.

पिण्याच्या पाण्याचाही येथे संबंध येतो. वर्धा शहराचा पाणीपुरवठा धाम नदीवर येळाकेळी व पवनार येथून होतो. पवनार येथे विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम याच नदीच्या काठी असून महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जनही येथे झाले होते. नदीच्या पात्रातील रेती, खळाळ, शिंपले व सूक्ष्म जीव पाणी गाळण्याचे व शुद्ध करण्याचे काम अखंड करीत असतात. ही नैसर्गिक यंत्रणा गाळाखाली गेली की तिचे काम शुद्धीकरण केंद्रावर पडते व त्याचा खर्च नागरिकांवर येतो.

९. उपाययोजना

१) माथ्यापासून सुरुवात : पाणलोटाच्या माथ्यावर मृदसंधारण, धुरे व गवती पट्टे आधी करावेत, नाल्यातील कामे शेवटी हाती घ्यावीत. माती शेतातच अडली तर नाल्यातील गाळ वारंवार काढावा लागणार नाही.

२) खोलीकरणात विवेक : काढावयाचा तो साचलेला गाळ, मूळ खडक व गोट्यांचा तळ काढू नये. नाल्याची वळणे कायम ठेवावीत, ठरावीक अंतरावर खोल डोह राखावेत व यंत्र एकाच काठाने चालवून दुसऱ्या काठावरील झाडे वाचवावीत.

३) धरणातून लहान पूर : जून-जुलैमध्ये येणाऱ्या पाण्यापैकी थोडा हिस्सा दोन-तीन दिवसांच्या लहान पुराच्या स्वरूपात खाली सोडण्याची तरतूद जलाशय परिचालन आराखड्यात करता येईल. दरवाजे बंद करताना विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी केल्यास काठावर अडकणाऱ्या माशांचे प्रमाण घटेल. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्यास प्राधान्य देणे अपरिहार्य आहे. परंतु भरपूर पावसाच्या वर्षी अशी तरतूद अवघड नाही.

४) माशांचा मार्ग मोकळा : बंधाऱ्यांच्या फळ्या पहिल्या पावसापूर्वी काढाव्यात. नवीन बंधाऱ्यांत बाजूने उताराचा दगडी मार्ग ठेवावा. चढणीच्या काळात नाल्याच्या तोंडाशी आडवी जाळी लावणे ग्रामसभेच्या ठरावाने थांबविता येईल.

५) डोहांची नोंद : जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. गावाच्या हद्दीतील बारमाही डोह, त्यांची एप्रिल-मेमधील खोली व त्यांत आढळणारे मासे यांची नोंद या वहीत व्हावी. मासेमारांचे ज्ञान यासाठी अनमोल आहे.

६) महाविद्यालयांचा सहभाग : प्राणिशास्त्र, भूगोल व पर्यावरणशास्त्र विभागांनी एकेक नाला दत्तक घेऊन पावसाळ्यापूर्वी व नंतर तळातील जीव, गाळाची जाडी आणि पाण्याचे तापमान यांची दरवर्षी मोजणी केल्यास जिल्ह्यासाठी दीर्घकालीन माहिती तयार होईल. यासाठी जाळी, मोजपट्टी व तापमापक एवढी साधने सुरुवातीस पुरेशी आहेत.

१०. निष्कर्ष

वर्धा जिल्ह्यातील जलजीवनाने पूर आणि कोरड या दोन्हींशी फार पूर्वीच जुळवून घेतले आहे. त्यामुळे केवळ मोठा पूर आला म्हणून ही जीवसृष्टी नष्ट होत नाही. पुराची वेळ, कालावधी व चढउताराचा वेग बदलणे आणि त्याच वेळी डोह, खळाळ व काठ हे आसरे नाहीसे होणे, या दोहोंच्या एकत्र येण्यात खरा धोका आहे. पावसाचे बदलते वितरण जिल्ह्याच्या हाती नाही. धरणाचे दरवाजे केव्हा व कसे हलवावेत, नाला किती व कसा खोल करावा, काठावरील झाड ठेवावे की तोडावे, हे निर्णय मात्र माणसांच्याच हाती आहेत.

नाल्याकडे पाणी वाहून नेणारा चर म्हणून पाहिल्यास त्यावरील प्रत्येक काम सरळ रेषेत व समान खोलीत होणार. त्याकडे जिवंत अधिवास म्हणून पाहिल्यास त्याच निधीतून, त्याच यंत्राने, पाणी साठविणारे व जीव राखणारे काम होऊ शकते. पुराचा पंचनामा करताना शेत आणि घर यांच्याबरोबर डोहाचीही पाहणी होऊ लागली, तर या बदलाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.